व्यापाऱ्याचे पहिले पुस्तक

व्यापारी घराण्यांना लेखनाची सवय नसते, ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. ज्या घरात रोजकीर्द आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली, दीपावलीला लक्ष्मीबरोबर वहीलाही कुंकू लागले, कोठे कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी म्हणून तर कोठे ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणून ग्रंथांपुढे हात जोडले गेले, त्या घराला कागद आणि लेखणी परकी कशी असेल? तरीही दुकान मुलांच्या हाती सोपवून निवांत झालेला एखादा श्रावक, किंवा नातवंडांच्या आग्रहाने जुन्या आठवणी सांगू लागलेली एखादी आजी, ‘हे सारे पुस्तकात यावे’ असे मनात आणते आणि दुसऱ्याच क्षणी मागे सरते. आपण काही लेखक नाही, आपले शिक्षण बेताचे, आपल्या आयुष्यात सांगण्यासारखे ते काय घडले, अशी कारणे तयारच असतात.

या संकोचाला उत्तर देणारा एक गृहस्थ सुमारे चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला. तो जैन होता, जवाहिराचा धंदा करीत होता, आणि त्या धंद्यात त्याला नफ्यापेक्षा तोटाच अधिक घडला होता.

बनारसीदास यांचा जन्म 1586 मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ घराण्यात झाला. वडील खरगसेन जवाहिरे. घराची अपेक्षा अशी की, मुलाने हिशेब शिकावा, माल पारखावा आणि पेढी चालवावी. मुलाचे मन मात्र काव्यात आणि प्रेमप्रकरणांत रमलेले. कोवळ्या वयातच त्याने शृंगाराने ओथंबलेले एक नवरसांचे काव्य रचले. हे त्याचे पहिले पुस्तक. पुढे विचार पालटला, आपण लिहिले ते सारे खोटे आहे असे त्याला वाटू लागले, आणि मित्रांच्या देखत त्याने ते हस्तलिखित गोमती नदीत टाकून दिले. मित्र हळहळले, परंतु पाने पाण्यावर विखुरली होती, ती पुन्हा गोळा होण्याजोगी नव्हती.

ज्या पुस्तकासाठी त्याची आज आठवण निघते, ते त्याने 1641 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पुरे केले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले तर आपले अर्धे झाले, म्हणून त्याने पुस्तकाला ‘अर्धकथानक’ हे नाव दिले. भारतीय भाषांतील आरंभीच्या आत्मचरित्रांत या ग्रंथाचे स्थान अग्रभागी मानले जाते. 675 पद्यांचा हा ग्रंथ त्याने पंडितांच्या संस्कृतात लिहिला नाही. मध्यदेशाच्या चालत्या बोलीत, बाजारात माणसे बोलत होती त्या भाषेत लिहिला.

त्यात आहे तरी काय? बापाने दिलेले जवाहीर, तूप, तेल आणि कापड घेऊन मुलगा आग्ऱ्याला जातो आणि सारे गमावून बसतो. काही रत्ने हरवतात, काही तर उंदीर पळवितो. पैसा संपल्यावर तो एका कचोरीवाल्याकडे महिनोन्‌महिने उधारीवर जेवतो, आणि संध्याकाळी आपल्या बिऱ्हाडी जमलेल्या मंडळींना ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ वाचून दाखवितो. श्रोत्यांत तो कचोरीवालाही असतो. एक संन्यासी त्याला मंत्र देतो, वर्षभर जप केल्यास रोज दारात सोन्याचे नाणे सापडेल असे सांगतो. हा वर्षभर जप करतो आणि दार उघडतो तर काहीच नाही. अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता जौनपुरास पोचते तेव्हा हा जिन्यावर बसलेला असतो. धक्क्याने खाली कोसळून त्याचे डोके फुटते. शहरात दुकाने पटापट बंद होतात, धनिक लोक दागदागिने पुरून ठेवतात, जाडेभरडे कपडे घालून गरीब असल्याचे सोंग करतात. नव्या बादशहाच्या राज्यारोहणाचे पत्र येते तेव्हा कोठे बाजार मोकळा श्वास घेतो. राजसत्तेच्या उलथापालथीत पेढीवर बसलेल्या माणसाच्या पोटात काय कालवते, हे दरबारी बखरकाराने लिहिले नसते. त्याला ते दिसलेच नसते.

आणि या साऱ्याच्या तळाशी एक दुःख आहे. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली, त्यांतील एकही जगले नाही. ही गोष्ट बनारसीदासाने जशी घडली तशी, आक्रोश न करता नोंदविली आहे. शेवटी तो आपले गुण सांगतो आणि लगेच आपले दोषही सांगतो. प्रतिक्रमणात आलोचना करणाऱ्या समाजातील वाचकाला या रीतीचे नवल वाटू नये. जमा आणि नावे या दोन्ही बाजू भरल्याशिवाय खाते पुरे होत नाही, हे त्या व्यापाऱ्याला पेढीवर शिकायला मिळाले होते. त्याने तोच नियम स्वतःच्या आयुष्याला लावला.

आजच्या व्यापारी घराण्यांतून निघणाऱ्या पुस्तकांकडे पाहिले म्हणजे ही नावेची बाजू कोरी राहिलेली आढळते. अमृतमहोत्सवाला गौरवग्रंथ निघतो, पुण्यस्मरणाला स्मरणिका निघते. छपाई गुळगुळीत कागदावर, आरंभी मान्यवरांचे शुभसंदेश, मध्ये सत्काराची छायाचित्रे, अखेरीस वंशवृक्ष. घराणे कोठून कोठे आले, पहिले दुकान कोणत्या पेठेत लागले, कोणत्या साली गिरणी उभी राहिली, हे त्यात दोन परिच्छेदांत आटोपते. दुकान एकदा बुडाले होते, दोन भाऊ पंधरा वर्षे बोलत नव्हते, दुष्काळात उधारी बुडाली तेव्हा घरातील सोने कोणी काढून दिले, हे त्यात नसते. असा ग्रंथ ज्याच्या घरी जातो तो स्वतःचे छायाचित्र शोधतो आणि ग्रंथ कपाटात ठेवतो. त्यामागील आदर खरा असतो, खर्चही सढळ असतो. परंतु पणतवंडाला पणजोबा कसे होते हे त्यावरून कळत नाही.

म्हणून पहिले पुस्तक लिहू इच्छिणाऱ्याने आरंभी विषय आवळावा. ‘आमच्या घराण्याचा इतिहास’ हा विषय पहिल्या पुस्तकाला झेपत नाही. मारवाडातून किंवा काठेवाडातून निघालेल्या एका माणसाने खानदेशात वा नगर जिल्ह्यात पहिली दहा वर्षे कशी काढली. आडतीच्या एका दुकानाने नियंत्रित बाजार येताना आपली जुनी रीत कशी बदलली. एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात चाळीस माणसांचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण रोज कसे निघत असे. यांपैकी कोणताही एक धागा दीडशे पृष्ठांना पुरून उरतो. यांतील शेवटचा विषय बहुधा कोणी हाती घेत नाही. पेढीचा कारभार वहीत उतरला. सुनेने पापड, वड्या, खाखरे, अठाईची पारणी आणि आल्यागेल्याचे आतिथ्य यांचा जो कारभार चालविला तो कोठेच उतरला नाही. ज्या आजीला हे सांगता येते ती आज ऐंशीच्या घरात आहे, आणि तिचे सांगणे टिपून घेण्यास फार वर्षे उरलेली नाहीत.

टिपण्याचे साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, परंतु ‘तुमच्या आठवणी सांगा’ असा प्रश्न टाकू नये. त्याला ‘काय सांगू, दिवस गेले’ एवढेच उत्तर येते. दुकानाचा उंबरठा केवढा होता, गादीवर कोण कोठे बसे, पहिली बोहनी झाल्याखेरीज कोणती गोष्ट वर्ज्य होती, मुनीमजींचा पगार किती, पर्युषणात दुकान किती दिवस बंद राही, असे नेमके प्रश्न विचारावेत. वस्तू समोर ठेवल्याने तर स्मृती आपोआप सैल होते. जुना तराजू, पितळी डबा, सोन्याचे काटे, लग्नाची पत्रिका हाती दिली की एरव्ही मितभाषी असलेले काका तासभर बोलतात. एकच हकिकत दोघांकडून ऐकावी. त्या दोन हकिकती जुळल्या नाहीत तर निराश होऊ नये. पुस्तकात दोन्ही द्याव्यात.

जुन्या वह्या हा दुसरा आणि अधिक भरवशाचा साक्षीदार. त्यांची लिपी ही मोठी अडचण. महाराष्ट्रातील वह्या मोडीत सापडतात, तर राजस्थानातून आलेल्या घराण्यांच्या वह्या महाजनी लिपीत. महाजनीत स्वरांच्या मात्रा बहुधा गाळल्या जात, त्यामुळे ‘काकाजी अजमेर गये’ हा निरोप ‘काकाजी आज मर गये’ असा वाचला गेल्याची गोष्ट घरोघर हसत सांगितली जाते. मोडी वाचणारे जाणकार पुण्या-मुंबईत आजही मिळतात व तिचे वर्गही चालतात. महाजनी वाचणारा वृद्ध मुनीम मिळाला तर त्याला आधी गाठावे. एका वहीतील दहा पानांचे वाचन झाले तरी पुस्तकाचा पाया बदलतो. आजोबा ‘फार दानशूर होते’ या वाक्याऐवजी कोणत्या साली कोणत्या धर्मशाळेला किती रुपये खर्ची पडले, आणि त्याच वर्षी उधारीपोटी किती रक्कम सोडून दिली, हे लिहिता येते.

लेखनाचा वेग हिशेबाने ठरवावा. डेमी आकाराच्या छापील पृष्ठावर साधारण पावणेतीनशे शब्द बसतात. 160 पृष्ठांच्या पुस्तकाला चव्वेचाळीस हजार शब्द लागतात. चातुर्मासाचे चार महिने रोज साडेतीनशे शब्द लिहिले तर पहिला खर्डा जवळजवळ पुरा होतो. चातुर्मासात प्रवास कमी, आडत बाजारात आवक मंदावलेली आणि स्वाध्यायाची वेळ ठरलेली, त्यामुळे रोज एकाच वेळी बसण्याचा नेम पाळणे सोपे जाते. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांनी बोलावे आणि नातीने लिहून घ्यावे. मात्र नातीने आजोबांची भाषा ‘सुधारू’ नये. ‘भाव पडला’, ‘माल उचलला’, ‘हात वर केले’ हे शब्द त्यांच्या तोंडून आले तसेच राहावेत. बनारसीदास आजही वाचला जातो तो या बाजारी बोलीमुळेच.

खरी परीक्षा येते ती अप्रिय प्रसंगांपाशी. वाटणी, दिवाळे, मोडलेला विवाह, भागीदाराने केलेला दगा यांतील काय लिहावे आणि काय सोडावे? गाळून टाकले तर पुस्तक निर्जीव होते. लिहिले तर घरात वाद उभा राहतो, प्रसंगी अब्रुनुकसानीचा दावाही. यावर सरसकट नियम नाही. तरी एवढे म्हणता येईल की, स्वतःच्या आणि स्वतःच्या वडिलांच्या चुका मोकळेपणाने लिहाव्यात, दुसऱ्याच्या चुका केवळ कथेला लागतील तेवढ्याच, आणि हयात व्यक्तीबद्दलचा मजकूर छपाईपूर्वी तिला वाचावयास द्यावा. अनेकदा असे वाचन झाल्यावर ती व्यक्ती रागावण्याऐवजी आपली बाजू सांगू लागते, आणि प्रकरण अधिक खरे होते. दोन भावांच्या भांडणाचे कारण तिसऱ्याच कोणाच्या निरोपात होते, असे चाळीस वर्षांनी उघड व्हावे, याहून मोठे क्षमापर्व ते कोणते? परंतु ते उघड झालेच नाही तरी पुस्तक थांबवू नये.

खर्डा झाल्यावर तो महिनाभर बाजूला ठेवून मग घराबाहेरील एखाद्या जाणत्या वाचकाला द्यावा. घरचे लोक प्रेमापोटी चुका काढत नाहीत, किंवा स्वतःचे नाव कोठे आले एवढेच पाहतात. संपादकाला मोबदला द्यावा लागतो. सोनाराला मजुरी देताना जो घासाघीस करीत नाही, त्याने येथेही करू नये. त्यानंतर मुद्रितशोधन. मराठीत हे काम विशेष जिकिरीचे, कारण जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणताना रेफ उडतो, जोडाक्षरे फुटतात, अनुस्वार नाहीसे होतात. महाजनीतील काकाजींवर आलेला प्रसंग संगणकाच्या युगातही ओढवतो तो असा. दोन वेगवेगळ्या माणसांनी दोनदा प्रुफे तपासावीत, आणि नावे, गावे, साल व रकमा तिसऱ्यांदा स्वतः लेखकाने तपासाव्यात.

आता प्रकाशन. प्रस्थापित प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवावयाचे तर त्याच्या यादीत तशा विषयाची पुस्तके आहेत का हे आधी पाहावे, आणि महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहण्याची तयारी ठेवावी. करार लेखीच हवा. शब्दावर व्यवहार करण्याचा बाजारातील बाणा येथे उपयोगी नाही. कॉपीराइट कायदा 1957 अन्वये हक्काचे हस्तांतरण लेखी असल्याखेरीज ग्राह्य नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतीच. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो, तोही नोंदणी न करता. म्हणजे तो वारशाने नातवंडांपर्यंत जातो, याचा विचार मृत्युपत्र करतानाही व्हावा. ‘पुस्तक काढून देतो, खर्च तुमचा’ असे म्हणणाऱ्या संस्थांची गोष्ट वेगळी. त्यात गैर काही नाही, परंतु तेथे लेखक हा ग्राहक आहे हे ओळखून दोन-तीन ठिकाणची दरपत्रके मागवावीत, आणि छपाईच्या फाइली व हक्क आपल्याकडे राहतील असे लिहून घ्यावे.

स्वतःच प्रकाशक होण्याचा मार्ग व्यापारी माणसाला सहज रुचतो, आणि तो अवघडही नाही. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी कोणाला पैसे मोजण्याचे कारण नाही. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर शून्य आहे. छपाई फॉर्मांत होते, सोळा पृष्ठांचा एक फॉर्म. म्हणून पृष्ठसंख्या सोळाच्या, निदान आठाच्या पटीत बसवावी. कागद सत्तर-ऐंशी ग्रॅमचा मॅपलिथो पुरेसा असतो. गुळगुळीत आर्ट पेपर छायाचित्रांच्या पानांपुरता ठेवावा, अन्यथा पुस्तक जड होते आणि प्रकाशात डोळ्यांवर चमकते. बांधणी शिलाईची घ्यावी. नुसत्या गोंदाची बांधणी स्वस्त पडते खरी, पण वारंवार उघडले की पाने सुटू लागतात, आणि हे पुस्तक वारंवार उघडले जावे अशीच तर अपेक्षा आहे.

प्रतींच्या संख्येत मात्र हिशेबी माणसेही फसतात. ऑफसेट छपाईत आरंभीचा खर्च तोच राहतो, त्यामुळे पाचशेऐवजी हजार प्रती काढल्या तर एका प्रतीचा दर बराच उतरतो, आणि मुद्रक तसे सुचवितोही. परंतु जो माल विकला जाणार नाही त्याचा खरेदीदर कितीही उतरला तरी तो तोट्याचाच, ही गोष्ट धान्याच्या कोठारात ज्याला कळते त्याला छापखान्यात का विसरावी लागते? डिजिटल छपाईत आज पन्नास-शंभर प्रतीही निघतात; प्रत महाग पडते, पण मागणी पाहून पुन्हा छापता येते. पहिल्या पुस्तकाला हेच बरे.

यापुढचा प्रश्न वाटण्याचा. जैन समाजात शास्त्रदानाची परंपरा फार जुनी. दहाव्या शतकात कर्नाटकातील अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती ताडपत्रांवर लिहवून घेऊन वाटल्या, छापखाना नसलेल्या काळात! सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी व्यापार सांभाळून ‘जैन बोधक’ चालविले, आणि त्याच नगरीत ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या ग्रंथमालेने प्राकृत-संस्कृत ग्रंथ अभ्यासकांपर्यंत पोचविले. या दानाला तोड नाही. मात्र या दात्यांनी दुसऱ्याचे ग्रंथ वाचकांच्या हाती दिले, हे ध्यानात घ्यावे. स्वतःचे पुस्तक लग्नसमारंभात पाचशे जणांना मिठाईच्या डब्याबरोबर देणे ही वेगळी गोष्ट आहे. पुस्तकावर बेताची किंमत छापावी आणि मागील त्याला ती घ्यावी. दीडशे रुपये मोजून नेलेले पुस्तक निदान उघडले जाते. विक्रेता आपल्या हिश्शासाठी मोठी सूट मागतो. ती किंमत ठरवितानाच धरावी.

विनामूल्य प्रती द्यावयाच्या त्या ग्रंथालयांना, आणि काही तर कायद्यानेच द्यावयाच्या असतात. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे, आणि एकेक प्रत चेन्नईचे कॉनेमारा, मुंबईचे मध्यवर्ती व दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय यांच्याकडे स्वखर्चाने पाठवावी लागते. घरगुती प्रकाशक बहुधा हे टाळतात, कारण त्यांना ते ठाऊकच नसते. ‘अर्धकथानक’ सुमारे तीनशे वर्षे हस्तलिखित पोथ्यांत राहिले; 1943 मध्ये नाथूराम प्रेमी यांनी ते संपादून मुंबईच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयातर्फे छापले. प्रेमींना ते छापता आले, कारण कोणी तरी नकला करून त्या भांडारांत जपून ठेवल्या होत्या. गावचे वाचनालय, तालुक्याचे महाविद्यालय, जेथे घराण्याचे पहिले दुकान लागले त्या पेठेतील शाळा, आणि राजस्थान-गुजरातेतील मूळ गाव येथेही एकेक प्रत जावी.

पुस्तक निघाल्यावर वह्यांचे काम संपले असे समजून त्या रद्दीत घालणारी घरे आहेत. ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात, वह्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत. ज्यांना घरात जागा नाही त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, जुने कागद जपणाऱ्या संस्थेकडे विचारणा करावी, आणि कागद सुपूर्द करताना कोणती वही कोणत्या सालची, कोणत्या दुकानाची, कोणाच्या हस्ताक्षरातील, याची यादी सही करून सोबत द्यावी.